सातव्या मजल्याचा जंपर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी या गोष्टीच्या आजूबाजूनेच फिरत आलोय. देवाला ठाऊक असणारच. पण त्याला ठाऊक असणं वेगळं आणि मी तोंड उघडून सांगणं वेगळं — नाही का?

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय, असं लिहिणार होतो. पण तेही जरा गोड करून सांगणं झालं. ओळखीच्या माणसांना सांगायची हिंमत नाही. एवढंच.

मी आनंद साळवे. डोंबिवली पूर्वेला राहतो. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. आमचं मूळ नगरकडचं, वडील तिथल्या मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि सोमवारी त्याच हातांनी रंधा धरायचे. देवाला दोन्ही पोचतं, असं त्यांचं म्हणणं. मी ते धरून ठेवलं. कुठल्याही मशीन रूममध्ये शिरलो की आधी मोटरवर तळहात टेकवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं — प्रभू, या लिफ्टमधून जाणारी-येणारी माणसं तुझी आहेत, माझा हात नीट चालू दे. मग पाना हातात घ्यायचा. कुणी बघतंय की नाही, याची मी कधी पर्वा केली नाही.

आणि मी खोटं बोलायचो नाही. हे तुम्हाला आताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. न गेलेल्या सोसायटीत गेलो असं मी कधी म्हटलं नाही. जुना पार्ट पुसून नवा म्हणून लावला नाही. आमचे मालक वैतागायचे. "साळवे, तुमच्या खरेपणापायी धंदा बसवाल माझा," म्हणायचे. पण गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नसला की मलाच पुढे करायचे. "साळवे सांगतायत ना? मग झालं." एवढं बास व्हायचं. खोटं न बोलणाऱ्या माणसाकडे किती मोठी ताकद जमा होत जाते, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

आता महेश.

महेश सावंत. कणकवलीकडचा, दिव्याला भाड्याच्या खोलीत आई आणि बायकोसोबत राहायचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. कंपनीत आला तेव्हा त्याला साधा मल्टिमीटर धरता येत नव्हता. मी शिकवलं. हुशार होता, हाताला वेग होता, आणि तोंडाला त्याहून जास्त. त्याला वाईट माणूस ठरवायचा मी खूप प्रयत्न केला, पण तो तसा नव्हता. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त द्यायला सगळ्यात आधी हाच आलेला. रक्त देऊन वर आम्हालाच चहा पाजून गेला.

मग हे सगळं का?

एका व्हिडिओमुळे. हसू नका.

घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये आम्ही दोघं कामाला गेलेलो. मी नेहमीसारखा मोटरवर हात ठेवून डोळे मिटले. महेशने मागून मोबाइलवर शूटिंग केलं. त्याला मागे घंटानाद जोडला, वर लिहिलं — "काकांची लिफ्ट थेट स्वर्गात." आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकलं. त्यात माझं टक्कल दिसत होतं, ओठ पुटपुटताना दिसत होते. सगळे हसले. मालकांनीसुद्धा हसणारे चेहरे पाठवले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जो तो माझ्याकडे बघून टेबलावर तळहात टेकवून डोळे मिटत होता.

महेश म्हणाला, "काका, मस्करी केली ओ. राग नाय ना आला?"

"नाही रे," मी म्हटलं.

मी खोटं बोलायचो नाही, असं वर लिहिलंय. तर पहिलं खोटं ते.

राग तर आलेलाच. पण राग हा फार लहान शब्द झाला. माझ्या आणि देवाच्या मधली जी जागा होती, जिथे मी बायकोलाही कधी नेलं नव्हतं, तिथे तो चपला घालून शिरला आणि मागून सगळ्यांना हाका मारल्या. त्यानंतर मोटरवर हात ठेवला की प्रार्थना यायचीच नाही. घंटानादच ऐकू यायचा. पुढे काही महिन्यांनी मालकांनी घोडबंदरच्या सगळ्या सोसायट्यांचा इनचार्ज महेशला केलं. मला म्हणाले, "तुम्ही साधी माणसं साळवे, तुम्हाला कशाला कटकट?" मी पेढा खाल्ला. त्याला शुभेच्छा दिल्या. घरी येऊन जेवलो नाही.

तेव्हापासून मी वाट बघू लागलो. कशाची, ते ठाऊक नव्हतं. पण वाट बघण्यातच एक चव होती. मुंब्रा बायपासने बाइकवरून जाताना मी मनात प्रसंग रचायचो — महेश मान खाली घालून उभा आहे, सगळे बघतायत, आणि कुणीतरी म्हणतंय की साळवे असते तर असं झालं नसतं. रोज थोडं थोडं रचायचो. उपासनेला गीत गातानाही रचायचो. सूड घेणं हे देवाचं काम, माणसाचं नाही, हे मी संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलेलं आहे. शिकवताना मला ते पटायचंही. त्यातून मी एवढाच अर्थ काढला की देव घेईल तेव्हा मला पुढच्या रांगेत जागा मिळावी.

आणि मग फोन आला.

शुक्रवार होता. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. पलीकडे महेश. आवाज फाटलेला.

"काका, मी कणकवली स्टँडवरून बोलतोय. माझा फोन बंद पडलाय, एका माणसाचा घेतलाय. बाबांना अटॅक आलाय ओ. काल फोन आला तसाच निघालो."

"कसे आहेत आता?"

"अजून पोचलो नाय हॉस्पिटलला. काका, एक काम होतं. घोडबंदरच्या त्या टॉवरची सर्व्हिस लिफ्ट... सातव्या मजल्याचा जंपर तसाच राहिलाय. माझ्या डोक्यातनंच गेलं. कुणाला बोलू नका, प्लीज. तुम्ही तिकडे जाल तेव्हा काढा ना. लिफ्ट बंद ठेवा, मी आलो की लॉक बदलतो."

जंपर म्हणजे काय ते सांगायला हवं. लिफ्टच्या प्रत्येक मजल्यावरच्या दाराला एक स्विच असतो. दार नीट लागलं नाही तर लिफ्ट जागची हलत नाही. कितीही बटणं दाबा. हा स्विच किंवा लॉक बिघडलं तर तपासणीपुरता वायरचा एक तुकडा जोडून मशीनला दार लागलंय असं भासवता येतं. तो तुकडा म्हणजे जंपर. काम झालं की काढायचा. काढायचाच. तो राहिला, तर दार सताड उघडं असतानाही लिफ्ट निघून जाते, आणि मागे नुसता खड्डा उरतो.

महेशने तो का ठेवला, तेही सांगतो. त्या दिवशी कुणाचं तरी सामान नव्या फ्लॅटमध्ये चढत होतं. सातव्याचं लॉक बिघडलं, लिफ्ट अडली, सेक्रेटरी सगळ्यांसमोर ओरडू लागला. महेशने जंपर लावून सामान वर जाऊ दिलं, उद्या नवीन लॉक आणून बसवतो असं ठरवलं. तेवढ्यात गावाहून फोन आला. चूक मोठीच होती. पण ती त्याला आठवली, आणि आठवल्यावर त्याने विश्वासाने एका माणसाला फोन केला.

मी म्हटलं, "बघतो."

"नक्की ना काका? तुम्ही आहात म्हणून बरं वाटतं ओ."

"बघतो म्हटलं ना. तू बाबांकडे जा."

फोन ठेवला आणि — लिहितोच आता — मला आनंद झाला. पोटातून वर आला. त्याचे वडील तिकडे मरणाला टेकलेले, आणि मी इकडे स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हटलं, आज शिरा कर.

शनिवारी मी त्या टॉवरला गेलो. गच्चीवरची मशीन रूम उघडली. पॅनेल उघडलं. होता. लाल वायरचा बोटभर तुकडा. काढायला किती वेळ लागतो? खिशातून हात बाहेर काढायला लागतो तेवढाच. माझा हात तिथवर गेलाही होता.

सोमवारी त्या सोसायटीत सुरक्षेची तपासणी होती. बाहेरचे इंजिनीअर येणार होते, सोसायटीची कमिटी असणार होती, आमचे मालक स्वतः येणार होते. महेश नव्हता म्हणून मालकांनी मलाच हजर राहायला सांगितलं होतं. आणि मला ते चित्र दिसलं. मी सगळ्यांसमोर पॅनेल उघडतोय. बाजूला सरकतोय. "साहेब, हे काय ते तुम्हीच बघा." मालकांचा चेहरा. मग महेशला जाणारा फोन. मला एक शब्दही खोटा बोलावा लागणार नव्हता. माझ्या सुडाला सत्याची इस्त्री करून मिळणार होती. असं कधी जमून येतं का? मला तर ते वरूनच पाठवल्यासारखं वाटलं.

मी पॅनेल बंद केलं.

खाली उतरताना सातव्या मजल्यावर थांबलो. दार तपासलं. नीट लागत नव्हतं, लागल्यासारखं दिसायचं आणि मग हळूच मागे सरकायचं. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी. लिफ्ट बंद करून पाटी लावता आली असती. पण बंद केली असती तर सेक्रेटरीने कारण विचारलं असतं, आणि सोमवारची सगळी मजाच गेली असती. मी स्वतःला समजावलं की ही सर्व्हिस लिफ्ट आहे. मोठ्या लिफ्टने फ्लॅटवाले जातात. हिच्यातून कोण जातं? कामवाल्या बायका, कुरिअरवाले, कचरा नेणारे. एक दिवस मध्ये. तेवढ्यात काय होणार आहे?

हे मी समजावलं. मी — ज्याने एवढी वर्षं मोटरवर हात ठेवून म्हटलं होतं की ही माणसं तुझी आहेत.

रविवारी आमच्या कल्याणच्या चर्चमध्ये प्रभूभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. भाकर घेण्याआधी पाळकसाहेब नेहमी थोडा वेळ शांत उभे राहतात. कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर मनातून काढून मगच या, असं म्हणतात. मी डोळे मिटले. काय मागितलं सांगू? मी देवाला म्हटलं, उद्यापर्यंत त्या लिफ्टमध्ये कुणाला काही होऊ देऊ नकोस. त्याला माझ्या सुडाची राखण करायला बसवलं. मग पुढे झालो, भाकर घेतली, पेला घेतला. घशाखाली उतरायला काही त्रास झाला नाही.

सोमवारी मी वेळेआधी पोचलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता. गेटवरच आरडाओरडा ऐकू आला.

सुमनताई सातव्या मजल्यावर दोन घरी स्वयंपाक करायच्या. टॉवरच्या मागेच जुनं गाव आहे, तिथल्या. हातात भाजीची पिशवी होती, मागे वळून घरातल्या बाईंशी बोलत होत्या. दार उघडंच दिसलं म्हणून लिफ्ट आहे असं समजून पाऊल टाकलं. लिफ्ट तेवढ्यात खाली गेलेली. नशिबाने एकाच मजल्याने. त्या लिफ्टच्या टपावर पडल्या. लिफ्ट एखादा मजला आणखी खाली असती, तर आज मी तुम्हाला हे सांगत बसलो नसतो, असं म्हणावंसं वाटतं. पण कदाचित तरीही बसलो असतो. स्वतःबद्दल खात्री देता येत नाही.

टपावर मीच उतरलो. तिथे कसं उतरायचं, ते दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी माझा इस्त्रीचा शर्ट मुठीत धरला. "माजा पाय... दादा, माजा पाय बघ ना." पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळला होता. मी म्हणत होतो, "काही नाही ताई, काही नाही झालेलं." लोक वरून बघत होते. कुणीतरी म्हणालं, माणूस देवासारखा धावून आला.

त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं आणि मग कमिटीच्या ऑफिसात सगळे जमले. मालक घामाने भिजलेले. तपासणीवाले इंजिनीअर, सेक्रेटरी, एक पोलीस हवालदार. पॅनेल उघडलं गेलं, लाल वायर सगळ्यांनी पाहिली. मी मनात रचलं होतं अगदी तसंच. फक्त त्यात सुमनताई नव्हत्या.

हवालदाराने विचारलं, "कुणी लावला हा?"

"महेश सावंतने," मी म्हटलं. खरंच होतं ते.

"तुम्हाला कधी कळलं?"

इथे थांबतो जरा.

त्या क्षणी मी घाबरलेलो, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्यावं, असा मोह होतो. भीतीने खोटं बोललेल्या माणसाला लोक समजून घेतात. भीती होतीच. पण तिच्या खाली ती जुनी चव होती, आणि ती बाईच्या किंकाळ्यांनीसुद्धा गेली नव्हती. तपासणीत पकडला गेला असता तर महेशला शिव्या पडल्या असत्या, फार तर बदली. आता तो कायमचा जाणार होता. माझ्या एका शब्दावर होतं सगळं.

"आत्ताच," मी म्हटलं. "तुमच्यासोबतच."

कुणी माझा फोन मागितला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. वॉचमनने मला शनिवारी गच्चीवर जाताना पाहिलं होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही. कशाला विचारतील?

महेश बुधवारी आला, वडिलांना अग्नी देऊन, दहाव्यालाही न थांबता. डोक्याचे केस काढलेले, डोळे सुजलेले. मालकांनी ऑफिसात बोलावलं. मीही होतो.

"साहेब, माझी चूक आहे," तो म्हणाला. "पण मी काकांना फोन केलेला. शुक्रवारी. स्टँडवरून. काकांनी बघतो म्हणून सांगितलेलं. काका, सांगा ना!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अगदी शांत होतो. आवाजसुद्धा मऊ काढला.

"महेश, बाबांचं ऐकून वाईट वाटलं रे. पण मला तुझा फोन आला नाही."

"काका?"

"तू त्या गडबडीत होतास. दुसऱ्या कुणाला केला असशील."

तो माझ्याकडे बघतच राहिला. ओरडला नाही, शिवी दिली नाही. मालक उठून उभे राहिले. "सावंत, सगळ्या जगावर संशय घेईन मी. पण साळवे खोटं बोलणार नाहीत." त्या व्हिडिओला हसलेले हेच मालक.

मला कसं वाटलं? खोटं नाही बोलणार. भरल्यासारखं वाटलं. इतके महिने उपाशी होतो आणि आता पोट भरलं, असं.

महेशवर केस झाली. नोकरी गेली. लिफ्टच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात, पुन्हा कुणी उभं केलं नाही. दिव्याची खोली सोडून तो कोपरला बायकोच्या माहेरच्यांकडे राहायला गेला. मिळेल ते काम करू लागला, बहुतेक वेळा गाड्यांवर माल चढवायचं. सुमनताईंच्या पायात सळी घातली. त्या चालतात, पण जिना चढता येत नाही आणि ओट्यापाशी फार वेळ उभं राहता येत नाही. म्हणजे स्वयंपाकाची कामं संपली. मी त्यांना दोनदा फळं घेऊन भेटलो. दोन्ही वेळा त्यांनी मला आशीर्वाद दिला. मी तो घेतला.

आणि मी इनचार्ज झालो.

चर्चमध्ये ही गोष्ट कशी पोचली, ठाऊक नाही. बहुतेक बायकोकडूनच. कंपनीने प्रकरण दाबायला बघितलं, पण साळवेंनी हवालदारासमोर खरं नाव सांगितलं — अशी ती पोचली. पाळकसाहेबांनी तरुणांच्या सभेत साक्ष द्यायला, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगायला, बोलावलं. विषय होता, नोकरी आणि विश्वास. मला नाही म्हणता आलं असतं. गेलो. माईक हातात घेतला आणि बोललो की देवाची उपासना फक्त रविवारी नसते, पान्याला आणि स्क्रू-ड्रायव्हरलाही ती करता येते. मालक, गिऱ्हाईक, हवालदार, समोर कुणीही असो, खरं बोलायची किंमत मोजायची तयारी हवी. चांगलं बोललो मी. पुढे बसलेल्या एका मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हापासून दरवर्षी बोलावतात. उल्हासनगरला, ठाण्यालाही बोलावलं. काही पोरं येऊन सांगतात की काका, तुमचं ऐकून मी ऑफिसात खोटी बिलं लावायचं बंद केलं. त्यांचा खरेपणा खरा आहे. त्याचं बी कुठून आलं, ते त्यांना माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, हाच अपराध. हो. पण मी ज्याच्याभोवती एवढा वेळ फिरतोय ते हे नाही. ते अजून यायचंय.

मागच्या वर्षी, नाताळच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी दाराची बेल वाजली. मी दार उघडलं. महेश. वाळलेला, केस पिकलेले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत थोडे काजू होते, गावचे. बायको आत करंज्या तळत होती.

मला वाटलं, आला. हिशोब मागायला आला. आणि विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, माझ्या अंगात तोच जुना जोर आला. काय काय बोलायचं, ते मी क्षणात रचलंसुद्धा.

तो बसला. पाणी प्यायला. मग खाली बघत म्हणाला, "काका, एक बोलायचं होतं. लय दिवस मनात आहे."

"बोल."

"मी तुमचं नाव उगाच घेतलं ओ तेव्हा. साहेबांसमोर."

मी स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं.

"मी खूप विचार केला. बाबा गेले त्या दिवसातलं मला धड काही आठवत नाय. कुणाचा फोन घेतला, कुणाशी बोललो, सगळं धुकट आहे. मला वाटायचं, मी तुम्हाला केलेला. तुमचा आवाजसुद्धा आठवायचा. पण बायको बोलली, साळवे काका कशाला खोटं बोलतील? ते बोलूच शकत नाय. मग मला पण पटलं. मीच कुणाला केला नसणार. करायचं डोक्यात होतं, आणि केला असं वाटलं असणार. तुमच्यासारख्या माणसावर मी आळ घेतला. आणि तो व्हिडिओ पण टाकलेला. त्याचंच फळ मिळालं मला, असं वाटतं."

त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते पुसत तो म्हणाला, "माफ करा काका."

कळतंय का तुम्हाला? त्याची नोकरी मी घेतलेली, नाव घालवलेलं. आता तो स्वतःच्या हाताने स्वतःची आठवण माझ्यासमोर आणून ठेवत होता. ती तेवढी एकच खरी गोष्ट त्याच्याकडे उरली होती. माझ्या शब्दासाठी त्याने तीही खोटी ठरवली.

तोंड उघडायची ती वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच. ना पोलीस, ना मालक. नोकरीतून मी कधीच निवृत्त झालेलो. माझं काही जाणार नव्हतं. एक वाक्य होतं — "फोन आलेला, महेश." जिभेवर आलंही होतं ते.

पण त्याची वाकलेली मान दिसली, आणि ती इतकी सुंदर दिसली की मला ती आणखी थोडा वेळ बघायची होती.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "अरे, मी तुला केव्हाच माफ केलंय."

तो माझ्या पाया पडला. मी पडू दिलं. बायको करंज्यांचं ताट घेऊन बाहेर आली, तिने ते पाहिलं आणि पदराने डोळे टिपले. जाताना तो म्हणाला की आज बऱ्याच वर्षांनी झोप लागेल. काजू ठेवून गेला. आम्ही ते खाल्ले.

नाताळच्या उपासनेत पाळकसाहेबांनी क्षमेवर संदेश दिला. बायकोने त्यांना आधीच सांगितलं होतं. नाव न घेता त्यांनी आमच्या मंडळीतल्या एका बंधूचं उदाहरण दिलं, ज्याने आपल्यावर खोटा आळ घेणाऱ्याला दारात आल्याबरोबर जवळ घेतलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी खाली बघितलं, नम्र माणसं बघतात तसं.

महेश कोपरला राहतो, स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. सुमनताई टॉवरच्या मागच्या गावात. दोन्ही घरं मला माहीत आहेत. हे सगळं कागदावर उतरवायला मला बरेच दिवस लागले, आणि त्या दिवसांत मी दोन्हीपैकी एकाही घरी गेलो नाही. येत्या रविवारी ठाण्याला तरुणांसमोर बोलायचंय. मी हो म्हटलंय.